उजव्या खांद्यावरून

"आडनाव एकच दिसतंय. नात्यातले का?"

मुख्य परीक्षकांनी हजेरीच्या कागदावरून नजर न उचलता विचारलं. टेबलाच्या पलीकडे माझे बाबा वाकून सही करत होते. त्यांच्यामागे दहा माणसं रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या अंगात आपापल्या कंपनीचं जाकीट.

"नाही सर," मी म्हणाले. "हे आडनाव आमच्याकडे ढिगानं सापडतं."

बाबांचं पेन आडनावाच्या दुसऱ्या अक्षरावर थांबलं. फार तर एक सेकंद. मग ते म्हणाले, "छे हो साहेब! मॅडम कुठे, आम्ही कुठे!" त्यांनी सही पुरी केली, पेनाला टोपण लावून ते माझ्यापुढे ठेवलं आणि वर्गाच्या दाराकडे वळले. वळले म्हणजे सगळेच वळले. आधी पावलं, मग कंबर, मग खांदे, आणि खांद्यांबरोबर डोकं.

घरी यावर एक विनोद होता. आई म्हणायची, "ह्यांना मागून हाक मारली की आख्खी गाडी वळते. जागा लागते वळायला." आम्ही हसायचो, बाबाही हसायचे. मी भौतिकशास्त्राची पदवी घेतली, प्रयोगशाळेत एक अंशाच्या साठाव्या भागापर्यंत कोन मोजले, पण बाबांची मान उजवीकडे किती अंश वळते हे कधी नीट पाहिलं नव्हतं.

फोर्कलिफ्ट आणि इतर जड यंत्रं चालवणाऱ्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी आमची संस्था. मी तिथे चार महिन्यांपूर्वी साहाय्यक म्हणून लागले. मुलाखतीत वडिलांविषयी विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, "लॉजिस्टिक्स क्षेत्रात आहेत." खोटं नव्हतं. रंगाच्या डब्यांच्या एका मोठ्या गोदामात बाबा सत्तावीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवत होते. पण खरं बोलण्याचेही प्रकार असतात, आणि मी कुठला निवडला ते मला माहीत होतं.

यंदा नवा नियम आला. महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र नसेल त्याच्या हातात कोणत्याही गोदामाने गाडीची किल्ली द्यायची नाही. जुन्या ऑपरेटरांसाठी एका दिवसाचा कार्यक्रम ठरला. सकाळी उजळणी, दुपारी प्रत्यक्ष चाचणी. बाबांच्या कंपनीने त्यांचं नाव याच बुधवारी घातलं, आणि नेमका हाच बुधवार मला पहिल्यांदा उमेदवारांचं गुणपत्रक स्वतः भरायला मिळण्याचा. तोवर मी मैदानावर खुणेचे प्लास्टिकचे शंकू मांडत होते, पाण्याच्या बाटल्या वाटत होते. जवळच्या नातेवाइकाची परीक्षा घेता येत नाही, असा आमचा नियम आहे. मी "हो" म्हणाले असते तर सरांनी शांतपणे दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं आणि मला पुढच्या बुधवारी पत्रक मिळालं असतं. बस, एवढंच. एक आठवडा.

त्या दिवशी सकाळी घरी, बूट घालता घालता बाबांनी विचारलं होतं, "तिथं मी तुला काय म्हणू?"

"म्हणजे?"

"चारचौघांत गं. ताई म्हणू, मॅडम म्हणू, का नुसतं अगं?"

"काही म्हणूच नका ना बाबा," मी म्हणाले. "काही म्हणायची वेळच येणार नाही."

"बरं," ते म्हणाले. मग बुटाची नाडी ओढत, "ते मागं बघण्याचे पण मार्क असतात का गं?"

"सगळ्याचे असतात. चाळीस रकाने आहेत." मी घड्याळ बघत होते. "तुम्हाला काय अवघड आहे त्यात? डोळे झाकून कराल तुम्ही."

मी आधीच्या बसने निघाले. ते नंतरच्या बसने आले.

*

वर्गात मी पुठ्ठ्याचं छोटं फोर्कलिफ्ट घेऊन उभी राहिले, पुढे माल उचलणारी दोन लांब पाती, म्हणजे फोर्क, लावलेलं. हे यंत्र चारचाकी दिसत असलं तरी उभं राहतं तीन बिंदूंवर. पुढची दोन चाकं आणि मागच्या आसाचा मध्य. या तीन बिंदूंच्या त्रिकोणात वजनाचा मध्य राहिला तर गाडी उभी, बाहेर गेला तर आडवी. मला हे समजावायला आवडतं. मी फळ्यावर सूत्र लिहिलं.

"मॅडम, गाडी पडायला लागली की सूत्र म्हणायचं का देवाचं नाव घ्यायचं?" पहिल्या बाकावरच्या जाड ऑपरेटरने विचारलं. सगळे हसले.

"दोन्हीला वेळ मिळणार नाही," मी म्हणाले. "म्हणून आधी कळायला हवं. माल जास्त झाला, किंवा फोर्कच्या टोकाकडे सरकला, तर ते कशावरून कळेल?"

कुणीतरी गाडीवरची वजनाच्या क्षमतेची पाटी वाचावी म्हणालं. शेवटच्या बाकावरून बाबांनी हात वर केला. मला त्यांच्याकडे बोट दाखवावं लागलं.

"मागचं चाक हलकं लागतं," बाबा म्हणाले. "स्टिअरिंग हातात असं... लोण्यातनं फिरवल्यासारखं वाटतं. तसं झालं की ठेवून द्यायचं खाली. तिथल्या तिथं."

उत्तर बरोबर होतं. नुसतं बरोबर नाही, माझ्या सूत्रापेक्षा एक पाऊल पुढचं होतं. स्टिअरिंग मागच्या चाकांना असतं, आणि त्यांच्यावरचा भार घटला की घर्षण घटतं. पदवीच्या तीन वर्षांत हा त्रिकोण मला कुणी हाताने जाणवून दिला नव्हता. मी म्हणायला हवं होतं, "शाब्बास." मी म्हणाले, "अनुभव ठीक आहे, पण परीक्षेत हे उत्तर चालणार नाही. पाटीवरचा आकडा सांगायचा."

"हो मॅडम," बाबा म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

जाड ऑपरेटरने पहिल्या बाकावरून मागे पाहिलं. "अरे, मघापासून विचार करतोय हा आवाज कुणाचा! मिलिमीटर ना तू? रंगाच्या गोदामातला?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, ह्याला काय शिकवताय तुम्ही? मालाचा पॅलेट ठेवला की दोन पॅलेटमध्ये पोस्टकार्ड जाईल, पाकीट जाणार नाही. आम्ही पैजा मारायचो."

"माहीत आहे," असं माझ्या तोंडून निघता निघता राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसात बसले. माझ्या आणि बाबांच्या डब्यात एकाच कढईतली भाजी होती, एकाच पद्धतीने घडी घातलेल्या पोळ्या होत्या, वर एकाच कापडाचे दोन तुकडे. सर समोरच जेवत होते. मी झाकण अर्धं उघडं ठेवून जेवले. खिडकीबाहेर कट्ट्यावर जाड ऑपरेटर आणि बाबा बसले होते, त्यांचं बोलणं आत येत होतं.

"तुझी पोरगी काय करते रे आता? हुशार होती ना ती? सायन्सला होती."

"शिकली."

"मग?"

"नोकरीला आहे."

"कुठं?"

डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "आहे एका ऑफिसात. चांगलं आहे ऑफिस."

जेवण झाल्यावर बाकीचे सावलीत पाय पसरून बसले आणि बाबा एकटेच चाचणीच्या पट्ट्यावर फिरायला लागले. उन्हात, हात मागे बांधून, टाच जरा जोरात टेकवत. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मला वाटलं जेवण जिरवताहेत. मला राग आला. कुणाच्या नजरेत भरू नये एवढंच मला हवं होतं आणि हे शतपावली घालताहेत, तीही मैदानाच्या मधोमध.

*

चाचणी अशी. ऑपरेटरने गाडी तपासायची, सीटचा पट्टा लावायचा, माणसाच्या उंचीएवढा माल उचलायचा. समोरचा माल उंच असला की पुढचं काही दिसत नाही, म्हणून गाडी उलटी चालवायची. डावा हात स्टिअरिंगच्या मुठीवर, उजवा मागच्या दांडीवर, आणि मान उजव्या खांद्यावरून मागे. अशी चाळीस मीटर मागे न्यायची, दोन रांगांच्या बोळातून वळवायची आणि माल आखलेल्या चौकोनात ठेवायचा. पत्रकावर चाळीस रकाने. त्यातले तीन लाल शाईत छापलेले. बाकी काही चुकलं तर गुण जातात, लाल रकान्यात फुली पडली तर माणूस जातो. सतरावा रकाना लाल आहे. "रिव्हर्सपूर्वी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहिले."

सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ओट्यावर उभे राहतात, तिथून सगळा पट्टा दिसतो. साहाय्यक जवळ उभा राहतो. दोन्ही पत्रकं जुळली नाहीत तर जवळच्याचं धरायचं.

बाबांचा नंबर सातवा होता. संस्थेचं नारिंगी हेल्मेट घालून ते चढले. चढताना तीन ठिकाणी आधार, दोन हात एक पाय, पुस्तकात आहे तसं. टायर पाहिले, साखळी पाहिली, हॉर्न वाजवून पाहिला, फोर्कच्या टाचेवर चीर आहे का ते बोट फिरवून पाहिलं. आधीच्या सहांपैकी एकानेही बोट फिरवलं नव्हतं. माझ्या पत्रकावर बरोबरच्या खुणा एकाखाली एक पडत गेल्या. माल उचलला तेव्हा वरच्या डब्यांचा साधा आवाजही झाला नाही. मला आतून बरं वाटायला लागलं होतं. चोरून घेतलेलं बरं वाटणं होतं ते, पण होतं.

मग सतरावा.

मी गाडीच्या डाव्या अंगाला, जरा पुढे, आठ मीटरवर उभी होते. मालाच्या कडेवरून मला त्यांचा चेहरा दिसत होता. डाव्या खांद्याकडे त्यांनी मान वळवली, जेवढी वळायला हवी तेवढी. मग उजवा हात हेल्मेटकडे गेला, घाम पुसायला जावा तसा. आणि हेल्मेट वळलं. हेल्मेटची पुढची चोच सरळ उजव्या खांद्यावर गेली, तिथे एक सेकंद थांबली आणि परत समोर आली.

चेहरा जागचा हलला नव्हता.

हेल्मेटच्या मागे एक चकती असते, ती फिरवली की आतला पट्टा डोक्यावर घट्ट बसतो. बाबांनी ती पूर्ण सैल केली होती. ओट्यावरून, तीस मीटरवरून, नारिंगी चोच वळलेली दिसते. परीक्षक लांबून तेवढंच बघतो. हे त्यांनी कधी शोधून काढलं असेल? घरी, मोरीतल्या आरशासमोर? मला एकदम कळलं की बाबांची मान उजवीकडे वीस अंशांपलीकडे जात नाही. निरोगी मान सत्तर-ऐंशी अंश जाते. सत्तावीस वर्षं दिवसातले चार-पाच तास एकाच बाजूला पिळलेली मान. घरी आम्ही तिला विनोद म्हणत होतो.

आणि चेहरा समोर असल्यामुळे ते माझ्याकडेच बघत होते. त्यांना कळलं की मला दिसलं. त्यांनी डोळे खाली घातले, हॉर्न दोनदा वाजवला आणि गाडी मागे घेतली.

रेषेत. बोटभरही इकडेतिकडे नाही. त्यांचे ओठ हलत होते, आणि तेव्हा मला जेवणानंतरची ती शतपावली समजली. सिमेंटच्या जमिनीत दर सहा-सात पावलांवर सांधे असतात, त्यांवरून चाक गेलं की ठक् असा आवाज येतो. ते सांधे मोजत होते. आठव्या ठक्‌ला त्यांनी वळण घेतलं, बोळातून गेले आणि चौकोनात माल असा ठेवला की चारी बाजूंना पांढरी रेघ सारख्या रुंदीची उरली. बाकावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. "मिलिमीटर!" जाड ऑपरेटर ओरडला.

माझं पेन सतराव्या रकान्यावर होतं.

त्या वेळी माझ्या मनात सुरक्षिततेचा विचार होता, मागून चालत येणाऱ्या एखाद्या माणसाचा विचार होता, असं लिहायला मला आवडेल. सांध्यांच्या आवाजावरून भिंत कळते, माणूस कळत नाही, हे मला नंतर सुचलं. तेव्हा मनात सर होते. सकाळी मी "नाही" म्हणाले होते. उद्या कुणी सांगितलं की हे हिचे वडील, आणि तिने त्यांना पास केलं, तर? बरोबरची खूण केली तर ती माझ्या खोट्याला चिकटून राहणार होती. फुली मारली तर मी स्वच्छ. वडिलांनाही सोडलं नाही म्हणतील.

मी फुली मारली. लाल रकान्यातल्या फुलीपुढे शेरा लिहावा लागतो. मला अचूक वाक्यं आवडतात. मी लिहिलं, "हेल्मेट फिरवले, मान फिरवली नाही."

*

निकाल वर्गात सांगतात. सर माणूस वाईट नाही. त्यांना शिकवायची हौस आहे, आणि एखादी चूक सगळ्यांसमोर ठेवली तर दहा जण वाचतात असं ते मनापासून मानतात.

"दहा जण उत्तीर्ण," ते म्हणाले. "एक जण नाही. आणि मी प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या कागदावर ते पहिले होते. चाळीसच्या चाळीस रकाने स्वच्छ. पण आमच्या मॅडमनी जे पाहिलं ते मला ओट्यावरून दिसलं नाही." त्यांनी माझं पत्रक उचललं आणि चष्मा वर सरकवून वाचलं, "हेल्मेट फिरवले, मान फिरवली नाही."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कळलं.

"अरे मिलिमीटर!" जाड ऑपरेटर बाकावर हात आपटत म्हणाला. "टोपी फिरवलीस व्हय! सगळे लोकांना टोप्या घालतात, हा फिरवतो!"

वर्ग फुटला. चांगल्या मनाने हसत होते सगळे, असं हसणं गोदामात रोज चालतं. बाबाही हसले. नुसते हसले नाहीत, त्यांनी समोरचं हेल्मेट डोक्यावर ठेवून एकदा फिरवून दाखवलं, तेव्हा तर एकाला ठसका लागला. मी फळ्याजवळ उभी होते. मघाचं सूत्र अजून तिथेच होतं. हसणं ओसरल्यावर बाबा म्हणाले, "मॅडमची नजर बारीक आहे. काय करणार."

सर म्हणाले, "काका, मनाला लावून घेऊ नका. डॉक्टरांना मान दाखवा, दाखला आणा, सहा आठवड्यांनी पुन्हा बसा." मग माझ्या खांद्यावर थोपटून हळू आवाजात, "चांगलं काम केलंत. पुढच्या बुधवारपासून पत्रक तुमच्याकडेच."

दहा जणांना प्रमाणपत्रं दिली. प्रत्येक नावाला बाबांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या नावाला त्यांच्या टाळ्या जरा एकट्या पडल्या, कारण बाकीचे आपापली प्रमाणपत्रं बघण्यात गुंतले होते.

जाताना सगळ्यांनी हेल्मेटं टेबलावर ठेवली. बाबांनी आपलं उलटं धरलं, मागची चकती फिरवून पट्टा होता तसा घट्ट केला, आतला घाम रुमालाने पुसला, आणि मग ठेवलं. माझ्याकडे न बघता.

*

साडेपाचला मी सुटले. बाबा फाटकाजवळच्या बुटक्या भिंतीवर बसले होते. आधीची बस त्यांनी सोडली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी मी आधी तेच पाहिलं, कुणी आहे का.

मी शेजारी बसले. त्यांच्या डाव्या बाजूला. उजव्या बाजूला बसले असते तर बोलताना त्यांना सगळं अंग वळवावं लागलं असतं. इतकी वर्षं घरी आम्ही सगळे कळत नकळत त्यांच्या डावीकडेच बसत आलो होतो, हे तिथे बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

"बाबा, सकाळी मी सरांना..."

"ऐकलं मी. मान गेली, कान शाबूत आहेत."

"मी असं म्हणायला नको होतं."

"मी पण तेच म्हणालो की. फिट्टंफाट." ते पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते. "आणि फुलीचं म्हणशील तर बरोबर केलंस. फुलीच पाहिजे होती."

"नाही बाबा, तुम्हाला माहीत नाही. मी ती का मारली..."

"तू का मारलीस ते तुझं तू बघ," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी माझं सांगतो. ऐक. दोन महिने झाले. आमच्याकडं वजनकाट्यावर एक नवीन बाई आली, कारकून. तुझ्याच वयाची. मी माल घेऊन मागं येत होतो. सांधे मोजत. अकराव्या सांध्याला कायतरी चाकाखाली आलं. मऊ. मी ब्रेक मारला. उतरून बघतो तर फाइल. नुसती फाइल होती. बाई भिंतीला पाठ लावून उभी. पांढरीफटक. हात असा पुढं, फाइल धरल्यासारखा, आणि फाइल खाली माझ्या चाकाखाली."

त्यांनी पुढे केलेला हात तसाच होता.

"वीतभर," बाबा म्हणाले. मग, "मला मिलिमीटर म्हणतात ना. वीतभरावर होती ती."

रस्त्यावरून एक माणूस सायकल हातात धरून चालत गेला. तो जाईपर्यंत बाबा थांबले.

"आणि मी काय केलं सांगू? ओरडलो तिच्यावर. गाडीच्या वाटेत उभं राहतात का, अक्कल आहे का, कोणी घेतलं तुला कामाला. सगळे जमले. सगळे म्हणाले, बाईचीच चूक. सत्तावीस वर्षांत याच्या गाडीला कुणाचा धक्का नाही लागला. तिनं माफी मागितली माझी. साहेबांसमोर." त्यांनी पिशवीचा बंद सोडला. "मी दिली माफी."

"आईला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. तेव्हापासून ती बाई मी दिसलो की भिंतीला चिकटून चालते. मी लांब असलो तरी. इंजिन बंद असलं तरी."

"तरी तुम्ही आज ते हेल्मेट..."

"हो," ते म्हणाले. "तरी."

मला त्यांना सांगायचं होतं की लाज वाटण्यात तुम्ही एकटे नाही, पण ते वाक्य त्यांना बरं वाटावं म्हणून होतं की मला, हे मला ठरवता येईना, म्हणून मी ते बोलले नाही. मी विचारलं, "उद्या काय करणार?"

"सकाळी लवकर जाईन. किल्ली साहेबांच्या हातात देईन. त्यांनी मागायच्या आधी." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. "मग वजनकाट्यावर जाईन. त्या बाईला सांगेन, बाई, तू बरोबर जागी उभी होतीस. साहेबांना पण सांगेन. त्यांच्यासमोर तिनं माफी मागितली होती, त्यांच्यासमोरच सांगायला पाहिजे."

"मी पण उद्या सरांना सांगते."

"काय?"

"की तुम्ही माझे बाबा आहात."

त्यांनी मान डावीकडे, माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तुझी नोकरी बघून सांग." आणि जरा वेळाने, "पण सांग."

बसचा थांबा रस्त्याच्या पलीकडे होता. आम्ही उठलो आणि कडेला येऊन उभे राहिलो. संध्याकाळची वेळ, कारखाने सुटत होते, मालाचे ट्रक एकामागून एक येत होते. मला माहीत होतं आता काय होणार. ते नेहमी करतात तेच. आधी पावलं, मग कंबर, मग खांदे. आख्खी गाडी वळणार, उजवीकडचा रस्ता बघणार, आणि मग परत सरळ होणार.

बाबा वळले नाहीत. समोर बघत म्हणाले, "उजवीकडनं काय येतंय गं? बघ जरा."

मी पाहिलं. "एक ट्रक आहे. त्याच्यामागे टेम्पो."

"जाऊ दे त्यांना."

ट्रक गेला, टेम्पो गेला. धूळ खाली बसेपर्यंत मी पुन्हा पाहिलं, दूरवर पाहिलं, आणि आणखी एकदा पाहिलं. ते तसेच उभे होते, मी सांगायची वाट बघत.

"आता मोकळं आहे बाबा," मी म्हणाले.

त्यांनी रस्त्यावर पाऊल टाकलं.